कानबाईच्या पाटाखालचं हसू

माझ्याकडे माझ्या मायचा हसतानाचा एकही फोटो नाही. हे मी चारचौघांत सांगितलं तर लोक मलाच हसतील, कारण मी फोटोग्राफर आहे. जळगावात राहते, लग्नाचे फोटो काढते. हळदीच्या वेळी पुरुष कॅमेरावाल्यांना बायकांच्या खोलीच्या दाराशीच थांबवतात आणि मला मात्र आत बसायला पाट देतात, त्यामुळे माझं काम बरं चालतं. पोरीला हळद लावताना नवरीची आई मध्येच हसते आणि त्याच हसण्यात तिला रडू फुटतं. तेवढं नेमकं पकडते म्हणून माझं थोडंफार नावही आहे. एरंडोलपासून दोंडाईच्यापर्यंतच्या कितीतरी पोरींच्या आया माझ्या हार्डडिस्कमध्ये खळखळून हसत पडल्या आहेत. त्यात माझी नाही.

माय हसत नव्हती असं नाही. हसायची, आणि बेदम हसायची. पण तिच्या हसण्याची एक रीत होती. आधी आवाज न होता खांदे हलायला लागायचे. मग डोळे मिटायचे. मग ओठ विलग व्हायचे, मिसरीने काळे पडलेले दात दिसायचे, त्यातला एक दुसऱ्यावर चढलेला, आणि तेवढ्यात उजवा हात पदर घेऊन तोंडावर यायचा. सासरी आल्या आल्या सासऱ्यासमोर, चुलतसासऱ्यासमोर हसू दाबायची जी सवय लागली, ती सासरा आणि चुलतसासरा दोघंही गेल्यावर तशीच राहिली. दात दिसणं आणि पदर येणं यांच्यात पापणी लवण्याइतकं अंतर. माझा सगळा धंदा तेवढ्याच अंतरावर चालतो, पण घरात माझं कधी काही चाललं नाही.

आमच्या घरात आलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याने मायला आपापल्या परीने चुकवलं. तिचा पहिला फोटो दोंडाईच्याच्या एका स्टुडिओतला, लग्नानंतरचा. मोठा कॅमेरा, डोळ्यांवर येणारे दिवे, आणि हलू नका, हसू नका अशी फोटोवाल्याची तंबी. माय हलली नाही, हसली नाही. तो चेहरा तिने जन्मभर जपून ठेवला. पुढे आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रोलचा छोटा कॅमेरा घेतला. रोल वाया जाऊ नये म्हणून आबा सगळ्यांना भिंतीशी उभं करायचे, उन्हाकडे बघायचे, मागे सरकायचे, पुन्हा पुढे यायचे. तोवर मायने स्टुडिओचा चेहरा बाहेर काढून चढवलेला असायचा. माझा पहिला मोठा कॅमेरा आला तेव्हा वाटलं, आता सुटका झाली. पण त्या कॅमेऱ्याच्या पोटात आरसा असतो, बटण दाबलं की तो वर उडतो आणि खटाक असा आवाज येतो. पहिल्या खटाकलाच मायचा पदर वर. पुढचे सगळे फोटो पदराचे.

तेव्हा मी चिडायचे, पण मनातून निर्धास्त होते. आज नाही तर उद्या मिळेल असं वाटायचं. माय काही कुठे जात नव्हती.

गेल्या आषाढात तिच्या डाव्या गालात आतून एक फोड आला आणि तो बसेना. भाकरी दुधात भिजवून खाते, असं वहिनीने फोनवर सांगितलं. आबा आता नाहीत, माय आणि भाऊ-वहिनी धरणगावजवळ गावी राहतात. मी तिला गाडीत घालून धुळ्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तपासणीसाठी गालाचा तुकडा घेतला, मग पुन्हा बोलावलं. डॉक्टर समजूतदार होते. कागदावर त्यांनी जबड्याचं चित्र काढलं आणि मध्यापासून डावीकडे एक रेघ मारली. एवढं काढावं लागेल, म्हणाले. हाड, काही दात, गालाचा भाग, आणि मांडीची कातडी घेऊन तिथे लावू.

मी काय विचारावं? किती वर्षं जगेल, पुन्हा उलटेल का, असं काहीतरी विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं, तिला हसता येईल का. माझं मलाच कळेना मी हे काय बोलतेय. डॉक्टर शांतपणे म्हणाले, आधी गिळता येऊ द्या.

माय बाहेर बाकावर बसली होती. तिला सगळं माहीत होतं, मिसरी लावणाऱ्या आणखी दोघीजणींना गावात तिने याच वाटेने जाताना बघितलं होतं. गाडीत बसल्यावर तिने एकच विचारलं.

"कानबाई पहिले का आपरेशन?"

कानबाई पहिले, मी सांगितलं.

"मंग ठीक शे," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

कानबाई म्हणजे आमच्या खान्देशाची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरात बसते. नारळालाच डोळे, नाक, नथ लावून देवीचं मुख करतात, पाटावर गहू पसरून कलशावर तिला ठेवतात. सुरतेला, नाशकाला, पुण्याला पांगलेले भाऊबंद त्या दिवशी गावी येतात. सोमवारी सकाळी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. ऑपरेशनची तारीख त्याच आठवड्यातली मिळाली होती.

त्या दिवसापासून माझ्या जिवाला चैन पडेना. दवाखान्याचं बघायला भाऊ होता, पथ्याचं बघायला वहिनी होती. मी एकच गोष्ट डोक्यात घेतली. ते तोंड जाण्याआधी मला ते हसताना पाहिजे होतं. कुणी याला वेड म्हणेल. म्हणू दे. मला दुसरं काही येत नाही, मला फोटो काढता येतात. आई मरणाच्या दारात असताना स्वयंपाकी बाई स्वयंपाकच करेल ना.

मी कामं दुसऱ्यांना दिली आणि गावी जाऊन राहिले. आधी फोन घेतला, कारण फोनला ती कॅमेरा समजत नाही असा माझा अंदाज होता. चुलीपाशी ती डाळ निवडत होती. मी समोर बसले, मांडीवर फोन आडवा धरला आणि आबांची जुनी गोष्ट काढली. आबा एकदा दुसऱ्याच्याच लग्नात जेवून, आहेर करून, नवरदेवाला आशीर्वाद देऊन आले होते आणि खरं लग्न पलीकडच्या गल्लीत होतं. ही गोष्ट तिला अगदी पाठ, तरी दर वेळी तेवढीच हसते. खांदे हलायला लागले. डोळे मिटले. मी बोट टेकवलं.

फोनची एक खोड आहे. अंधाऱ्या जागी तो एक फोटो काढत नाही. तो बरेच फोटो काढतो, ते एकमेकांवर ठेवतो आणि त्यांची सरासरी करून आपल्याला देतो. मायचं घर उजेडाचं नाही. फोटो बघितला तर मायला दोन उजवे हात होते आणि दोन्हींच्या मध्ये तोंडाच्या जागी काहीतरी तांबूस फासलेलं. आणि गालांवरच्या सुरकुत्या त्याने आपल्या मनाने पुसून टाकल्या होत्या, मला न विचारता. मी फोन गव्हाच्या पोत्यावर आदळला.

मग व्हिडिओ करून बघितला. फळीवर डब्यांच्या आड फोन लावून ठेवला आणि सुरू करून दिला. त्या दिवशी तिचा गाल ठणकत होता. फोनची जागा भरेपर्यंत माय पाठमोरी भाकरी थापत होती. मी ते सगळं बघितलं, शेवटपर्यंत, कुठेतरी वळेल म्हणून.

आबांचा रोलचा कॅमेराही पेटीतून काढला. का, ते माझं मलाच माहीत नाही. रोल ना धरणगावात मिळाला, ना जळगावात. धुळ्याच्या एका जुन्या स्टुडिओवाल्याकडे मिळाला, पण धुवायला बाहेरगावी पाठवावा लागेल आणि कधी येईल सांगता येत नाही, असं तो म्हणाला. आणि रोलच्या कॅमेऱ्यात एक फोटो काढला की चाक फिरवून पुढचा आणावा लागतो. तोवर माय चार वेळा हसून, पदर घेऊन, चूल फुंकून परत आली असती. मी रोल न घेताच आले.

सगळ्यात मोठा कॅमेरा मी लांबून लावला. समोरच्या ओट्यावरून, भिंतीआडून, एखाद्या वाघाचे फोटो काढावेत तसा. मायने एकदाच मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"कसाले रोखी ऱ्हायनी तोंडवर? ठेव ना ते बाजूले, जेवाले ये."

मी जेवायला गेले. ताटावर बसून मला रडू आलं आणि ते मी मिरचीवर ढकललं.

रविवारी कानबाई बसली. घर भाऊबंदांनी भरून गेलं. वहिनी आणि काकू देवीला डोळे लावत होत्या. आमच्या देवीचे डोळे चांदीचे आहेत, मोठे, टपोरे, मध्ये काळं बुबुळ, मेणाने चिकटवतात. ते लावताना काकू गेल्या वर्षीची गोष्ट सांगायला लागल्या. आमच्यात घरातली थोरली सून, सवाष्ण असो नसो, देवीचा पाट डोक्यावर घेऊन नदीपर्यंत जाते. पाट पाण्याला टेकेपर्यंत तिने हात सोडायचे नाहीत, अशी रीत आहे. पदर दुसऱ्या बाईने खोचून द्यायचा, घामसुद्धा दुसऱ्या बाईने पुसायचा. गेल्या वर्षी भर मिरवणुकीत मायचं नाक खाजायला लागलं आणि काकूंना ते खाजवून द्यावं लागलं होतं. सगळ्या हसल्या.

मी मात्र उठून बाहेर आले. घरापासून नदीपर्यंत मायला हात नसतात. इतकी वर्षं मी त्या मिरवणुकीत नाचले, फुगड्या घातल्या, पण कॅमेरा कधी नेला नाही, कारण वर्षातला तेवढाच एक दिवस मी कुणाचे फोटो काढत नसे. इतकी वर्षं ती उघड्या तोंडाने माझ्यासमोरून गेली होती.

सोमवारी सकाळी मी नवा कॅमेरा काढला. त्यात आरसा नाही, त्यामुळे आवाज नाही. बटण दाबून धरलं की तो फोटोंचा पाऊस पाडतो. आणि त्याला माणसाचा डोळा ओळखता येतो. तो डोळा शोधतो, त्यावर एक हिरवी चौकट लावतो आणि माणूस पुढे येवो मागे जावो, ती चौकट सोडत नाही. मी या कॅमेऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवते. मागची गर्दी, तारा, विजेचे खांब सगळं विरघळून जावं म्हणून भिंग पूर्ण उघडं ठेवलं, म्हणजे चौकट जिथे असेल तेवढंच स्पष्ट येतं. लग्नात तसंच ठेवते.

माय पाट घेऊन उंबऱ्याबाहेर आली. दोन्ही हात वर, पाटाच्या कडांना धरलेले. खालून तोंड उघडं. गाल थोडा सुजलेला. वाजंत्री सुरू झाली. मी तिच्यापुढे उलट्या पावलांनी चालत होते. माय मला बघत होती, कॅमेराही बघत होती, आणि तोच स्टुडिओतला चेहरा घेऊन निघाली होती. अर्धी वाट संपली. काकूंनी फुगडी घातली, बायकांनी गाणी म्हटली, माय जराशी डोलली, पण हसली नाही. पुढे नदीचा उतार दिसायला लागला. वाट संपत आली. मी मनातल्या मनात कानबाईला म्हणाले, आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, एवढं दे.

देवळापाशी एक पडकी भिंत आहे. तिच्यावर एक बकरी उभी होती. माय खालून जाताना त्या बकरीने मान लांब केली आणि देवीच्या गळ्यातली कण्हेरीची माळ तोंडात धरली. पाटाला हिसका बसला. मायला वर बघता येईना. ती थांबली आणि रागावून म्हणाली, "कोन ओढी ऱ्हायनं व?"

सगळ्या हसून वाकल्या होत्या. माय पाटासकट अंगानेच हळूहळू वळली आणि बकरीच्या तोंडासमोर तिचं तोंड आलं. बकरी माळ चघळत तिच्याकडे बघत होती. मायचे खांदे हलायला लागले. ती पुन्हा माझ्याकडे वळली, डोळे मिटले, ओठ उघडले. हात वर अडकलेले. पदर खोचलेला. माय हसली, पूर्ण हसली, सगळे दात, चढलेला दात, आतला गाल, सगळं. आणि ते हसू संपेना. मी बटण दाबून धरलं होतं. हिरवी चौकट डोळ्यावर घट्ट बसलेली मला दिसत होती. माझ्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण मला कशाला बघायचंय, असं वाटलं, बघायला कॅमेरा आहे.

नदीवर पाट टेकला, देवीला पाणी लावलं, आमच्यात नारळ परत घरी आणतात तो आणला. मी कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर पटकन बघून घेतलं. माय, हसणं, देवी, सगळं होतं. मी काकूंना मिठी मारली. त्यांना काही कळलं नाही.

घरी येऊन मी फोटो लॅपटॉपवर मोठे केले.

कानबाई लख्ख आली होती. चांदीच्या डोळ्यांवर आकाश दिसत होतं. नथीचा मोती, मेणाची कड, अर्ध्या माळेची पानं, सगळं मोजून घ्यावं इतकं स्पष्ट. आणि तिच्याखाली कुणीतरी बाई हसत होती. बाई आहे हे कळत होतं, हसते आहे हे कळत होतं. बाकी वाफ धरलेल्या काचेपलीकडे असावं तसं. मी पुढचा बघितला. मग त्याच्या पुढचा. सगळे तसेच.

मला कळायला थोडा वेळ लागला. माय हसताना डोळे मिटते. तिने डोळे मिटले तेव्हा कॅमेऱ्याला डोळा सापडेना. त्याने आजूबाजूला शोधला. वीतभर मागे, तिच्या कपाळाच्या वर, चांदीचे दोन टपोरे डोळे उघडे होते, कधीही न मिटणारे. हिरवी चौकट तिथे जाऊन बसली. मी भिंग उघडं ठेवलं होतं गर्दी विरघळावी म्हणून, आणि गर्दीबरोबर मायही विरघळली. आबांच्या त्या छोट्या कॅमेऱ्याला डोळा बिळा काही कळत नव्हतं. त्याच्यात जवळचं लांबचं सगळं सारखंच बरं यायचं. तो असता तर देवीही आली असती आणि मायही आली असती. पण तो असता तर मी आधी रोल पुढे सरकवत बसले असते.

मी भाऊबंदांच्या फोनवरच्या ग्रुपवर लिहिलं, मिरवणुकीचे सगळ्यांचे व्हिडिओ पाठवा, आत्ता पाठवा. आले. नाचणारी पोरं, ढोल, स्वतःचेच चेहरे, नदी, पुन्हा स्वतःचे चेहरे. एकात बकरी होती. मी तो थांबवून थांबवून बघितला. बकरी समोरून होती, माय पाठमोरी. तिच्या पाठीवरून कळत होतं की ती हसतेय.

तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी बाहेर आले. अंगणात धुऊन ठेवलेला रिकामा पाट उन्हात वाळत होता. माय पायरीवर टेकून बसली होती, दमली होती. मी पाट उचलला आणि म्हणाले, माय, जरा उभी राहा, एकदाच. काय झालं ते तिने विचारलं नाही. माझा चेहरा तिने बघितला असावा. ती गुडघ्याला हात देऊन उठली. मी पाट तिच्या डोक्यावर ठेवला, तिचे हात धरून कडांना लावले, पदर खोचला. वहिनी दारात येऊन उभी राहिली आणि दबक्या आवाजात, ताई, बस करा, असं काहीतरी म्हणाली.

"माय, आते हास," मी म्हणाले. "बकरीनं कशी माळ ओढी, ते आठव. हास ना."

मायने प्रयत्न केला. माझ्यासाठी म्हणून खरंच केला. रिकामा पाट डोक्यावर घेऊन भर उन्हात ती उभी होती. तिने आधी स्टुडिओचा चेहरा केला. मग तो पुसून टाकला. मग तिने तोंड उघडलं. मोठं उघडलं, डावा गाल ताणून, मान थोडी मागे करून, जीभ खाली दाबून. धुळ्याला डॉक्टर बॅटरी धरायचे तेव्हा ती असंच उघडायची. तिला वाटलं मला तेच पाहिजे.

या वेळी डोळे उघडे होते. हिरवी चौकट तिच्याच डोळ्यावर होती. मी बटण दाबू शकले नाही. पाट काढून घेतला आणि तिला पायरीवर बसवलं. ती म्हणाली, "ऊनं का?" मी म्हणाले, आलं, छान आलं.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं तसं झालं. नळीतून पातळ खाणं, मग चमच्याने, मग हळूहळू. डावी बाजू आत गेली. ती जे बोलते ते आता मला आणि वहिनीलाच कळतं. पदर तोंडावर असतो तो असतोच, हसायची वाट बघत नाही. झोपेतसुद्धा मुठीत असतो.

मी मध्यंतरी आणखी एक उद्योग करून बघितला. पुसट फोटो स्पष्ट करून देणारा एक प्रोग्राम निघालाय, तो कॉम्प्युटरवर घेतला आणि त्यातल्या त्यात बरा फोटो त्याच्यात टाकला. थोडा वेळ चक्र फिरलं आणि चेहरा वर आला. स्पष्ट, एकेक पापणी दिसावी इतका. सुंदर हसणारी, साठीची एक बाई. मला क्षणभर इतका आनंद झाला की मी लॅपटॉप उचलून तशीच गावी निघाले.

माय खिडकीशी खाटेवर बसली होती. मी लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला. तिने बराच वेळ बघितलं. देवीला नमस्कार केला. मग पदराआडून म्हणाली, "देवी बेस उनी." आणि खालच्या बाईवर बोट ठेवून विचारलं, "हाई कोन शे?"

मी वाकून बघितलं. दात पांढरे होते. एका रांगेत, एकसारखे. चढलेला दात नव्हता. त्या यंत्राने मायला कधी बघितलं नव्हतं, म्हणून जगातल्या सगळ्या हसणाऱ्या बायांतून थोडं थोडं घेऊन त्याने एक बाई करून तिथे बसवली होती. ती आमची कुणीच नव्हती.

मी तो फोटो बंद केला आणि मूळचा लावला, पुसट होता तसा. माय पुढे झुकली. या वेळी तिला वेळ लागला नाही.

"हाई मी," ती म्हणाली. "बकरी व्हती ती."

मग तिच्या कपाळावर आठी आली. तिने पडदा थोडा तिरका करून उजेडाकडे धरला. आपण हसत असलेल्या जागी काचेवर काहीतरी लागलंय असं तिला वाटलं. ओलसर, धुकट. वहिनी भांडी पुसते तसं तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि ती जागा पुसायला लागली. त्यासाठी तिला तोंडावरून पदर काढावा लागला. ऑपरेशननंतर इतका वेळ, दिवसाच्या उजेडात, तिचं उघडं तोंड मी पहिल्यांदा बघत होते. कॅमेरा माझ्या खांद्यावरच होता. तिने पदराच्या टोकाला तोंडाची वाफ दिली आणि पुन्हा पुसलं. मग जरा जोर लावला. मी तिचा हात धरला नाही, तिला काही सांगितलं नाही. ती बराच वेळ पुसत राहिली.